पट्टा नवा टाकला, तरी गाडी ओरडतच होती

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. सोयाबीन निघालं होतं, थ्रेशर वावरातून फिरून गेलं होतं आणि धुऱ्याच्या कडेला कुटाराचे ढीग लागले होते. आईला सावंगी मेघेच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून पहाटे पाचला गाडी काढायला गेलो. किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून असा काही आवाज निघाला की गोठ्यातली गाय धडपडून उभी राहिली. लोखंडी पत्रा फरशीवरून ओढत नेल्यासारखा, लांब आणि कान फाडणारा. पाच-सहा सेकंद तो चालला आणि आपोआप थांबला. इंजिन नेहमीसारखं घरघरायला लागलं. आई मागच्या सीटवर रिपोर्टांची फाइल छातीशी धरून बसली होती. तिनं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, थंडीनं असन." आणि निघालो.

त्या 'थंडीनं असन'पासून गाडी खरी दुरुस्त होईपर्यंत अडीच महिने गेले. मधल्या काळात पैसे गेले, दोन वेळा आईची तारीख पुढे ढकलावी लागली आणि एका रात्री रस्त्यात फार घाबरलो. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जवळपास मोठं वर्कशॉप नाही, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपासून नऊ किलोमीटर आत. त्यातला अर्धा रस्ता अजून खडीचा आहे. गाडी 2010 ची, डिझेल. मी 2017 मध्ये वापरलेली घेतली. आता तिचं रनिंग पावणेदोन लाखांच्या वर गेलं आहे. सात एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला नवी गाडी परवडत नाही, आणि गावात रात्रीबेरात्री कोणाला नेण्यासारखी चारचाकी म्हणजे हीच. बाळंतपणाला, पान लागलं तर (साप चावला की आमच्याकडे असंच म्हणतात, नाव घेत नाहीत), म्हाताऱ्यांना दम लागला तर माणसं आमच्याच दारात येतात. म्हणून ती अडली की एकट्या माझ्या घरचं अडत नाही.

आधी तो पट्टा काय काम करतो ते सांगतो, कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. वडिलांकडे जुनी जीप होती. तिला पंखा आणि डायनमोचा एक साधा इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा होता. ढिला झाला की वडील डायनमोचा बोल्ट सैल करत, सब्बलीनं डायनमो बाहेर रेटत आणि बोल्ट आवळत. अंगठ्यानं दाबून अर्धा इंच दबला की झालं काम. माझ्या गाडीत तसं नाही. एकच लांब, चपटा, आतून बारीक खाचा असलेला पट्टा सापासारखा वळसे घेत सगळ्या पुल्यांवरून जातो. डायनमो, पाण्याचा पंप, पॉवर स्टेअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर, चारही त्याच्यावरच फिरतात. त्याला ताण देणारा बोल्टही नाही. स्प्रिंग असलेला एक हात असतो, त्याच्या टोकाला गुळगुळीत पुली, आणि ती पट्ट्याला सतत दाबून ठेवते. त्याला टेन्शनर म्हणतात. शिवाय पट्ट्याला फक्त वाट दाखवणारी एक साधी पुली असते, ती आयडलर. म्हणजे हा एक पट्टा तुटला की बॅटरी चार्ज होणं थांबतं, स्टेअरिंग दगडासारखं जड होतं आणि पाणी फिरायचं बंद झाल्यामुळे इंजिन तापायला लागतं. तिन्ही एकाच वेळी.

नोव्हेंबर लागला. दहिवर पडायला लागलं, तसा सकाळचा आवाज वाढत गेला. पाच सेकंदांचे वीस झाले, मग मिनिटभर. रात्रभर दहिवरात उभी राहिलेली गाडी जास्त ओरडायची, दुपारी उन्हात उभी असली तर गप्प. लाइट लावले की ओरडायची. अरुंद गल्लीत गाडी वळवताना स्टेअरिंग पुरतं फिरवलं की ओरडायची. पुढे त्याचा अर्थ कळला. सेल मारल्यावर बॅटरीतली वीज खर्च झालेली असते, ती भरून काढायला डायनमोला पहिली काही मिनिटं जोर लावावा लागतो. पट्टा तेव्हा थंड आणि ओलसर असतो. तो पुलीवर पकड सोडून घसरतो आणि ते घसरणं म्हणजेच ती किंचाळी. बॅटरी भरली, पट्टा गरम होऊन वाळला की आवाज थांबतो. गाडी आपलं दुखणं रोज सकाळी सांगत होती आणि मला वाटत होतं थंडी आहे.

गावात सल्ल्याला तोटा नसतो, आणि ते देणारी माणसं मनापासूनच देतात. "काय बोंबलून राह्यली बाप्पा तुमची गाडी! तेल पाजा तिले," असं मला किमान दहा जणांनी सांगितलं. यात त्यांची चूक नाही. आपण बंडीच्या आसाला वंगण घालत मोठे झालो. मोट गेली, रहाट गेले, तरी करकरणाऱ्या लाकडाला आणि लोखंडाला तेल लागतं हे हाडात बसलेलं आहे. पण आस आणि पट्टा यांचं काम नेमकं उलटं आहे. आसावर चाक घसरत फिरायला हवं, म्हणून वंगण. पट्टा पुलीवर जराही घसरता कामा नये, तो पकडीवरच चालतो. तिथं तेल लागलं की पकड जाते आणि रबरही फुगून मऊ पडतं. माझ्या चुलतभावानं एका सकाळी माझ्या नकळत ग्रीसचं बोट लावायला बॉनेट उघडलं होतं. वेळेवर बाहेर आलो म्हणून वाचलं.

चक्कीवाल्या काकांचा सल्ला मात्र विचार करण्यासारखा होता. ते म्हणाले, "राळ लाव थोडी." त्यांच्या चक्कीचा जुना सपाट पट्टा घसरायला लागला की ते वर्षानुवर्षं राळेचा खडा फिरत्या पट्ट्याला टेकवत आले आहेत. त्या सपाट पट्ट्याला राळेनं पकड येते, हे खरंच. माझ्या गाडीच्या पट्ट्याला आतून सहा बारीक धारा आहेत आणि पुलीत तशाच सहा खाचा. चिकट पदार्थ त्या खाचांत बसला की धूळ धरतो आणि लापशीसारखा घट्ट होतो. हे मला पुढे पैसे देऊन कळलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोट्ट्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं, एक डबी काढली आणि पट्ट्यावर फवारा मारला. आवाज क्षणात बंद. साडेतीनशे रुपये दिले, फार समाधान वाटलं. ते समाधान दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी कापूस घेऊन जिनिंगला गेलो. तिथल्या आवारात हवेत रुई तरंगत असते, जमिनीवरही तिचा थर असतो. परत आलो आणि बॉनेट उघडून पाहिलं तर डायनमोच्या पुलीवर राखाडी रंगाची पेस्ट जमली होती. रुई, काळ्या मातीची धूळ, कुटाराचा भुसा आणि तो चिकट फवारा, सगळं एकत्र मळलेलं. नखानं काढायला गेलो तर नखात अडकून बसलं. आवाज परत आला होता आणि आता तो उन्हातही यायला लागला होता.

पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेलो. या वेळी मालक म्हणाला, पट्टाच बदलून टाकू. मलाही पटलं. जुना पट्टा काढून हातात दिला. मी तो उलटा वळवून भेगा शोधल्या, एकही नव्हती. मालक म्हणाला, भेगा नाहीत म्हणजे अजून चालला असता, पण बदलू. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला पुढे भेटलेल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकाकांनी समजावली. पूर्वीच्या पट्ट्यांचं रबर जुनं झालं की त्याला आडव्या भेगा पडत आणि माणूस त्या मोजून ठरवत असे. अलीकडच्या पट्ट्यांचं रबर ईपीडीएम नावाचं असतं. त्याला सहसा भेगा पडत नाहीत, ते टायरसारखं झिजतं. धारांमधल्या खाचा रुंद होत जातात आणि पट्टा पुलीच्या खाचेत खोल उतरून तळाला टेकतो. तळाला टेकला की बाजूंची पकड गेली. म्हणून गुळगुळीत, अखंड दिसणारा पट्टाही पूर्ण संपलेला असू शकतो.

पट्ट्याच्या पाठीवर अक्षरं असतात, तीही तेव्हा पहिल्यांदा वाचली. माझ्या पट्ट्यावर सुरुवातीला '6पीके' होतं आणि पुढे चार आकडे. 6 म्हणजे सहा धारा, पीके हा धारांच्या मापाचा प्रकार (दोन धारांमधलं अंतर 3.56 मिलिमीटर) आणि पुढचे आकडे म्हणजे पट्ट्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. दुकानात जाताना गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा नंबर सांगणं जास्त भरवशाचं. एकाच गाडीच्या एसी असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलचे पट्टे वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात.

नवा पट्टा अकराशे रुपये, मजुरी तीनशे. अकरा दिवस गाडी शांत होती. मी मोजले आहेत, कारण अकराव्या दिवशीच आईची तारीख होती.

सावंगीहून परत येताना देवळीच्या पुढे अंधार पडला. धुकं उतरायला लागलं होतं, म्हणून लाइट लावले, आतली काच धूसर होऊ नये म्हणून एसी लावला. भिडी मागे पडली आणि आवाज सुरू झाला. या वेळी तो थांबेना. वर्धा नदीचा पूल लागायच्या आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणला, हेडलाइट पिवळे पडल्यासारखे वाटले, आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला दिसला. एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली. आवाज कमी झाला, दिवा विझला. आई काही बोलली नाही. फाइल मांडीवर होती आणि एका हातानं तिनं दाराच्या वरची कडी धरली होती. कळंबपर्यंत चाळीसच्या वेगानं, एसी बंद, डोळे त्या काट्यावर, असे आलो. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या वळणावर हात जोडायचेही सुचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चक्कीवाले काकाच म्हणाले, आता इकडे-तिकडे जाऊ नको, यवतमाळ रोडवर एक म्हातारे मिस्तरी आहेत, थ्रेशर, ट्रॅक्टर, जीप सगळं करतात, त्यांच्याकडे जा. गेलो. टिनाचं शेड, बाहेर कडुनिंब, कडुनिंबाखाली खाट. मिस्तरीकाकांनी गाडीला हात लावायच्या आधी मला खाटेवर बसवलं आणि प्रश्न विचारले. आवाज कधी येतो? सेल मारल्यावर, की चालताना? लाइट लावल्यावर वाढतो का? लांब किंचाळी आहे, की चिमणीसारखं चिक् चिक्? पट्ट्याला काय काय लावलं? मी फवाऱ्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

मग त्यांनी मला गाडी चालू करायला लावली आणि म्हणाले, "गळ्यातला दुपट्टा पयले काढून ठेवा. बाह्या वर करा. अन् हात आत घालू नका." फिरत्या पट्ट्यानं बोटं जातात हे ते दोनदा बोलले. त्यांच्या डाव्या हाताचं करंगळीचं पेर नव्हतं. ते कशानं गेलं हे मी विचारलं नाही.

आधी त्यांनी कान लावला. मलाही ऐकायला लावलं. आजवर मी 'आवाज' म्हणत होतो, तिथं दोन आवाज होते. एसी-लाइट बंद असताना हळू चालणाऱ्या इंजिनात एक बारीक, ठेक्यातला चिक् चिक् आवाज. आणि जोर आला की लांब किंचाळी. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यांनी साध्या पाण्याचे चार थेंब पट्ट्याच्या आतल्या, धारांच्या बाजूवर सोडले. चिक् चिक् बंद झालं. आम्ही दोघं गप्प उभे. काही सेकंदांत ते परत आलं. "हे वाकडेपन हाय," ते म्हणाले. "कोनती तरी पुली तिरपी झाली. पट्टा सरळ नाही चालून राह्यला." मग म्हणाले, "आता लाइट लावा, एसी लावा अन् स्टेअरिंग पुरं वळवा." किंचाळी सुरू झाल्यावर त्यांनी पुन्हा थेंब सोडले. या वेळी आवाज थांबण्याऐवजी वाढला. "हे ढिलेपन. दोन्ही हायेत. पट्टा नवाच हाय ना? मंग आवाज पट्ट्याचा येते, पन दुखनं पट्ट्याचं नाही."

पाण्याची ही परीक्षा घरी कोणीही करू शकतो. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी पडल्यावर आवाज वाढला तर ताण कमी आहे, पट्टा घसरतो आहे. पाणीच वापरायचं, डिझेल किंवा तेल अजिबात नाही, आणि लांबूनच.

मग त्यांनी मीटर काढून बॅटरीला लावला. गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट. चालू, काही न लावता, 14.1. लाइट आणि एसी लावून किंचाळी सुरू असताना 12.8. मला आकडा दाखवत म्हणाले, "डायनमो चांगला हाय, पट्टा त्याले फिरवतच नाही." म्हणजे त्या रात्री धुक्यात माझे लाइट डायनमोवर नव्हे, बॅटरीतल्या साठ्यावर जळत होते आणि पाण्याचा पंपही अर्धवट फिरत होता. हे कळल्यावर पोटात गोळा आला. आई गाडीत होती.

आता इंजिन चालू ठेवूनच त्यांनी टॉर्च टेन्शनरवर मारली. त्याचा हात थरथरत होता, सारखा मागे-पुढे. चांगला टेन्शनर जवळजवळ स्थिर दिसतो, हे त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या एका दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. शब्दांनी शंभरदा सांगून जे कळलं नसतं, ते त्या दोन दृश्यांनी कळलं.

इंजिन बंद केलं. लांब पान्यानं टेन्शनरचा हात मागे ओढून पट्टा उतरवला. काढायच्या आधी त्यांनी मला पट्टा कसा फिरवला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढायला लावला, आणि स्वतः वर्तमानपत्राच्या कडेवर पेनानं वळसे काढून घेतले. एखादा वळसा चुकला तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो. पट्टा नसताना इंजिन फक्त दहा सेकंद चालवून पाहिलं. पाणी फिरत नसतं, म्हणून जास्त नाही. दोन्ही आवाज गायब. म्हणजे दुखणं इंजिनच्या आत नाही, या पुल्यांमध्येच आहे.

मग एकेक पुली त्यांनी माझ्या हातानं फिरवून घेतली. डायनमोची पुली फिरली आणि लगेच थांबली. स्टेअरिंगची जड, पण एकसारखी. पाण्याच्या पंपाची पुली धरून पुढे-मागे हलवून पाहिली, खेळ नव्हता, खाली पाणी गळल्याचा डागही नव्हता. आयडलरला टिचकी मारली तर ती फिरतच राहिली, आणि फिरताना आतून वाळूसारखी खसखस ऐकू येत होती. मला वाटलं, इतकी छान फिरते म्हणजे चांगली असणार. नेमकं उलटं होतं. ग्रीस शाबूत असलेली बेअरिंग बोटाला थोडा विरोध करते आणि लवकर थांबते. भिंगरीसारखी मोकळी फिरणारी बेअरिंग म्हणजे आतलं ग्रीस वाळून गेलेलं. टेन्शनरची पुली त्याहून वाईट. ती धरून हलवली तर लुकलुक हलत होती, दाताला खेळ आल्यासारखी. त्यांनी पत्र्याची स्टीलपट्टी डायनमोच्या पुलीच्या कडेला टेकवून टेन्शनरपर्यंत धरली. पट्टी आणि पुलीची कड यांत एका बाजूला जवळपास तीन मिलिमीटरची फट होती. पट्टा त्या फटीएवढा तिरपा ओढला जात होता. म्हणून चिक् चिक्. आणि स्प्रिंग थकली होती, म्हणून किंचाळी.

नवा पट्टा त्यांनी उलटा करून उन्हात धरला. जेमतेम दोन आठवड्यांचा पट्टा, त्याच्या धारा काचेसारख्या चकाकत होत्या आणि एका कडेची धार घासून दोरे दिसायला लागले होते. चौदाशे रुपये माझ्या डोळ्यांसमोर होते.

असं का झालं असावं, यावर त्यांचं म्हणणं असं, आणि मला ते पटतं. आमच्या भागात उन्हाळ्यात बाहेरच 45 अंशांच्या पुढे जातं, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. या पुल्या लहान असल्यानं इंजिनपेक्षा जास्त वेगानं फिरतात. ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, त्याला काळ्या मातीची बारीक धूळ चिकटते, सुगीत कुटाराचा भुसा. पावणेदोन लाख किलोमीटर त्या टेन्शनरकडे कोणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

आयडलरच्या बेअरिंगवर कापड फिरवलं तर 6203 असा नंबर निघाला. ही जगभर चालणारी मापाची बेअरिंग आहे, आतलं भोक 17, बाहेरचा व्यास 40 आणि जाडी 12 मिलिमीटर. छोट्या विजेच्या मोटारींतही सापडते. म्हणून पूर्ण आयडलर घ्यायची गरज नव्हती, बेअरिंग दाबून काढून नवी बसवता येत होती. मात्र त्यांनी बजावलं की नंबरापुढे '2आरएस' असलेली आणा. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी रबरी सील. 'झेडझेड' म्हणजे नुसती पत्र्याची झाकणी, आपल्या धुळीत ती टिकत नाही. आणि चांगल्या कंपनीची, कारण वेग आणि उष्णता दोन्ही जास्त.

टेन्शनरची गोष्ट वेगळी. त्याची फक्त पुली बदलून भागलं नसतं, स्प्रिंगच गेली होती. यवतमाळला दत्त चौकाच्या आसपासच्या दोन-तीन दुकानांत फिरलो. एकानं सातशे रुपयांत 'चालून जाते' म्हणून एक दाखवला. हातात घेऊन पुलीला टिचकी मारली. नवी कोरी पुली भिंगरीसारखी फिरत राहिली. परत ठेवला. आठवडाभरापूर्वी मी तो आनंदानं घेतला असता. शेवटी नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं मागवला, 2,650 रुपये. पार्सल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस गाडी मिस्तरीकाकांच्या कडुनिंबाखाली उभी होती आणि गावात एका रात्री तापानं फणफणलेल्या पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यावं लागलं. ते पोरगं आता बरं आहे, पण त्या रात्री मी दारात उभा राहून मोटारसायकलचा दिवा लांब जाताना पाहिला, ते विसरता येत नाही.

बसवण्याचं काम दोन तासांचं. त्यातला दीड तास सफाईत गेला. मिस्तरीकाकांनी मला दात घासायचा जुना ब्रश आणि बांबूची टोकदार काडी दिली. डायनमोच्या पुलीच्या सहाही खाचांतून ती राखाडी पेस्ट एकेक करून कोरून काढायची. लोखंडी टोक वापरू दिलं नाही, पुलीला ओरखडा पडला की तोच ओरखडा नवा पट्टा खातो. एकेका खाचेतून वातीसारखी लांब पेस्ट निघत होती, त्यात कापसाचे तंतू स्पष्ट दिसत होते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडानं पुसलं, मग कोरड्या कापडानं. खाचेतलं लोखंड दिसलं तेव्हाच त्यांनी पुढे हात लावला.

टेन्शनर बसला, आयडलर बसली. स्टीलपट्टी पुन्हा टेकवली, फट नव्हती. दुसरा नवा पट्टा चढवताना प्रत्येक पुलीवर सहा धारा सहा खाचांत बसल्या की नाही हे त्यांनी बोट फिरवून तपासलं. पाहून पुरत नाही म्हणाले, एक धार बाहेर राहिली तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. आणि खरंच खालच्या पुलीवर एक धार बाहेर राहिली होती. टेन्शनर ओढून ती बसवली. मग सेल न मारता, खालच्या मोठ्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं आणि पुन्हा बोट फिरवलं.

चालू केली. लाइट, एसी, स्टेअरिंग पुरतं वळवलं. मीटरवर 13.9. पाण्याचे थेंब टाकले, काही नाही. टेन्शनरचा हात स्थिर. मिस्तरीकाकांनी मजुरीचे पाचशे मागितले. मी जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. त्याऐवजी म्हणाले, "तो जुना टेन्शनर ठेवून जा मले."

संक्रांतीनंतरच्या सोमवारी आईची तारीख होती. पहाटे पाच, दहिवर इतकं की काचेवरून पाणी ओघळत होतं. किल्ली फिरवली. गाय बसलेलीच राहिली. भिडीच्या अलीकडे मी मुद्दाम एसी लावला, लाइट होतेच, आणि कान तिकडेच ठेवून होतो. मागे वळून पाहिलं तर आई मान कलती करून झोपली होती. फाइल सीटवर बाजूला ठेवलेली.

आता सुगी संपली की ब्रश आणि काडी घेऊन पुल्या साफ करतो, पंधरवड्यातून एकदा इंजिन चालू ठेवून टॉर्चनं तो हात पाहतो, आणि पट्टा उतरवायची वेळ आली की आधी फोटो.

मागच्या आठवड्यात यवतमाळला जाताना मिस्तरीकाकांच्या शेडपाशी थांबलो. माझा जुना टेन्शनर त्यांनी खांबाला खिळा मारून सुतळीनं टांगला आहे. एक पिकअपवाला हातात नवाकोरा पट्टा घेऊन उभा होता, तीच तक्रार. मिस्तरीकाका खाटेवरून न उठता त्याला म्हणाले, "तो पट्टा राहू दे, पयले ते पुली फिरवून पाय." त्यानं टिचकी मारली. पुली फिरत राहिली, खसखस वाजत. तो खाली वाकला आणि त्यानं कान जवळ नेला.